उजेडातली शेवंती

आचलनं शेवंतीचा शेंडा खुडला आणि अंगठ्याच्या नखानं उकलून पाहिला. पानाच्या आत पान, त्याच्याही आत एक इवलं पोपटी पान. कळीचा पत्ता नाही. तिनं पुढचं झाड धरलं, मग त्याच्या पुढचं. झाडं अशी माजलेली की ओळीतून चालताना पाला मांड्यांना घासत होता, आणि एवढ्या पाल्यात एक मधमाशी नाही की फुलपाखरू नाही.

"कितीक पाहाशीन?" शालिकराम मागून म्हणाला. "साऱ्या वावरात असंच हाय."

दिवाळी तोंडावर आली होती. धुऱ्याच्या बांधापलीकडे शेजारच्या सूर्यभानचं वावर पिवळंधमक झालं होतं. ह्या दिवसांत पातूरच्या त्या शिवारात जिकडे पाहावं तिकडे फूलच फूल असतं. मधोमध त्यांचं एवढंसं वावर मात्र हिरवंगार आणि मुकं. कीड नाही, रोग नाही, पाण्याची ओढ नाही. बाप तिचा हयात फुलांत घालवलेला माणूस. त्यानं खत बदलून पाहिलं, पाणी तोडून पाहिलं, शेवटी लाजतकाजत कुणाकडून लिंबूही कापून घेतलं. मग अमरावतीला लेकीला फोन लावला. "तू तं लय शिकेल हायस ना," एवढंच म्हणाला. "येऊन पाहून जाय."

लेक शिकलेली होती खरी, पण शेतीतलं नव्हे. विद्यापीठात ती आभाळातल्या दीर्घिकांवर संशोधन करत होती. गावात कुणी विचारलं तर शालिकराम सांगायचा, पोरगी ताऱ्यायचा अभ्यास करते. ऐकणारा मान हलवायचा आणि विषय बदलायचा.

"तन केवढं माजलं, बाबा. बाया काहून येत नाही कामाले?"

रस्त्यावर टेम्पो थांबल्याचा आवाज आला, तसा शालिकराम सुटल्यासारखा तिकडे वळला. अकोल्याचे अब्दुल गफ्फार होते. लग्नाचे सेहरे गुंफणारा हा माणूस. शेवंती न्यायची तर शालिकरामच्याच वावरातली, दुसरी हाताला बसत नाही, असं म्हणणारा. आचल परकरात होती तेव्हापासून तो ह्याच ओळींतून मोकळा फिरलेला, तिच्या वेणीत फूल खोचलेला. आज धुऱ्यावरच उभा राहिला.

"चाचा, या ना आत."

"नको बेटा. मी अथूनच बोलतो." गफ्फारचाचांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "शालिकभाऊ, पोरीले दाखवलं का नाही ते?"

"काय दाखवलं?" आचलनं विचारलं.

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. दोन म्हातारे पुरुष चोरी सापडल्यासारखे गप्प झाले की समजावं, गोष्ट बाईमाणसाची आहे.

"जा, पाहून ये," चाचा शेवटी म्हणाले. "तुही माय तथीच बसली हाय. उजेड हाय तोवर जा. अन् तिले काही म्हनू नको, बेटा. माँ है."

वावराच्या मधात एक लोखंडी खांब होता आणि खांबावर सौरदिवा. तो दिवा आचलला ठाऊक होता. गेल्या साली नवरात्रात, पहाटेच्या अंधारात मोटार सुरू करायला निघालेल्या मनोजचा पाय तिथंच परडीवर पडला. परड म्हणजे आमच्याकडचा जहाल साप. मनोज आचलचा धाकटा भाऊ. अकोल्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेला. तेरवी झाली आणि शकुननं, त्याच्या आईनं, त्या जागी दिवा लावायला लावला. दिवस मावळला की आपोआप लागणारा आणि उजाडल्यावरच विझणारा. माह्या पोराच्या जागी आता अंधार पडू देनार नाही, असं ती म्हणाली होती. बोलायची कुणाची टाप होती?

खांबाच्या पुढ्यात काही पावलांवर बुजगावणं होतं. त्याच्या अंगात मनोजचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. पण बाया पळाल्या त्या शर्टाला पाहून नव्हे.

बुजगावण्याच्या पलीकडे, त्या हिरव्या पाल्यात, एक माणूस निजला होता. फुलांचा.

आधी तिला वाटलं कुणी तोडलेली फुलं ओतून ठेवली आहेत. जवळ गेली तेव्हा दिसलं की फुलं झाडांवरच आहेत. बुजगावण्याच्या पायापासून निघून पुढं दोन पाय, त्यावर कंबर, मग रुंद छाती, खांदे, आणि शेवटी गोल डोकं. हात दोन्हीकडे पसरलेले, तिथं मात्र फुलं विरळ, कडा पुसट. माणसाहून जरा लांबच. एवढ्या वावरात फूल होतं ते तेवढ्याच जागेत, आणि वावरातल्या साऱ्या मधमाश्या त्याच्यावर गुणगुणत होत्या.

आचलच्या अंगावर सर्रकन काटा आला. विज्ञान शिकलेल्या माणसाच्या अंगावर काटा येत नाही असं थोडंच आहे!

शकुन त्या डोक्यापाशी बसून तण उपटत होती. तेवढंच, त्याच्या भोवतीचं. बाकी वावरात गवत गुडघ्याला लागलेलं, आणि इथं माती पाटीसारखी स्वच्छ.

"आली काय," ती वर न पाहता म्हणाली.

"हो, माय."

"हळू बोल." शकुननं एक वाळलेलं पान काढून पदरात ठेवलं. "आधी डोकं आलं. मंग छाती भरली. आता हात भरून राह्यले. खांदे पाह्य त्याचे. तुह्या बापाले म्हनलं तं तो मले येडी म्हनते. येडी तं येडी."

पूर्वी अमरावतीहून आचल फोन करायची तेव्हा आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "जेवली काय?" हॅलो नाही, काही नाही. सकाळी करा, दुपारी करा, तेच. वर्ष झालं, ते वाक्य बंद पडलं होतं. आता ती बोलायची ते मनोजचं, नाहीतर काहीच नाही. आणि आज पोरगी तीन ठिकाणी गाडी बदलून उपाशीपोटी दारात नव्हे, वावरात येऊन उभी राहिली होती, तरी आईची नजर त्या फुलांवरून हलत नव्हती. आचलला राग आला. मेलेल्या भावाचा राग येतो का कुणाला? तिला आला.

मागून शालिकराम आला होता. तो त्या फुलांपासून चार ओळी अलीकडेच थांबला.

"उद्या नांगर घालतो मी," तो म्हणाला. आवाज चढवायचा नव्हता त्याला, पण चढला. "सारंच मोडून टाकतो. हे बी अन् ते बी. गाव थुंकून राह्यलं आपल्यावर."

"घाला ना," शकुन म्हणाली. "मी अथीच निजतो त्याच्या बाजूनं. घाला."

आणि आचलला कळलं की ती निजेल. हट्ट म्हणून नव्हे, खरंच निजेल.

सूर्य गेला. सूर्यभानच्या वावरातलं पिवळं आधी तांबूस झालं, मग राखाडी. कुठूनशी टिटवी ओरडली. शालिकराम पाठ करून धुऱ्याकडे निघाला, तेवढ्यात खांबावर खट्ट झालं आणि दिवा लागला.

कुणी लावला नाही, कुणी हात लावला नाही, तरी लागला. पांढराफटक उजेड क्षणात धुऱ्यापर्यंत गेला. पानन् पान उजळलं. पाकोळ्या आणि किडे कुठून आले कोण जाणे, दिव्याभोवती घोंघावू लागले. त्या उजेडात आईचा चेहरा मेणाचा दिसत होता. आणि बुजगावण्याची सावली त्या निजलेल्या माणसावर जाऊन पडली.

पडली ती बरोबर पडली. पायावर पाय, छातीवर छाती, डोक्यावर डोकं. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. पिवळी फुलं काळी झाली आणि तो माणूस उजेडात दिसेनासा झाला.

आचल खाली बसली आणि सावलीच्या कडेवरून बोट फिरवू लागली.

ती ज्यांचा अभ्यास करत होती त्या दीर्घिका लहान होत्या. आपली आकाशगंगा मोठं गाव, तर त्या चार घरांची वस्ती. कधी कधी अशा वस्तीच्या मधोमध कृष्णविवर असतं. ते स्वतः दिसत नाही, नुसतं पडून असलं तर कुणाला त्रासही देत नाही. पण भोवतीचा वायू त्यात पडायला लागला की पडता पडताच इतका तापतो, इतका झगझगतो, की त्या उजेडानं आणि त्यातून सुटणाऱ्या वाऱ्यानं सारी वस्ती हैराण होते. तारा जन्मायचा तर वायू थंड व्हावा लागतो, अंधारात गोळा व्हावा लागतो. तो थंडच होत नाही, किंवा उधळून बाहेर फेकला जातो. मोठ्या दीर्घिकेत कुठल्यातरी कोपऱ्यात निभून जातं. लहानीत लपायला जागा नसते.

आणि तिच्या नकाशावर अशाच एका दीर्घिकेत, एका बाजूला, कोवळ्या ताऱ्यांची एक निळी चीर दिसायची. बाकी सगळीकडे जन्म थांबलेले आणि तिथंच तेवढे चाललेले. तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या, यंत्राची चूक असणार, काढून टाक. तिनं काढून टाकली होती. मध्ये काही दाट उभं असेल, त्याची सावली पडत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि शेवंती! लहानपणापासून ऐकलेलं, रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते. मोठी रात्र म्हणजे मोठा अंधार. हे कळायला तिला आभाळातून फिरून यावं लागलं.

आता बोलावं की नाही? आचलनं आईकडे पाहिलं. शकुन सावलीतल्या फुलांवरून हात फिरवत होती, तापातल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. हे खरं सांगणं म्हणजे तिच्या हातातून मनोजला दुसऱ्यांदा काढून घेणं. न सांगावं तर उद्या नांगर.

"माय," ती म्हणाली. "ते सावली हाय. बुजगावन्याची."

शकुनचा हात थांबला.

"दिव्यानं फुलून नाही राह्यलं वावर. शेवंतीले अंधार लागते कळी धराले. सारी रात उजेड, तं झाडाले वाटते दिवस सरलाच नाही. अथी तेवढी सावली पडते रोज, म्हनून अथीच..."

"अंधार लागते," शकुन म्हणाली.

"हो."

"अंधारानंच नेलं त्याले. अन् फुलाले अंधार लागते." तिनं मान वर केली. "हे शिकाले गेलती तू अमरावतीले? माह्या पोराले सावली म्हनाले?"

धुऱ्याकडे निघालेला शालिकराम परत फिरून उभा होता.

आचल उठली. ती चालत बुजगावण्याच्या बाजूला गेली, दिव्याकडे पाठ केली आणि त्याच्यासारखीच उभी राहिली. तिची सावली पाल्यावर पडली. दोन सावल्या शेजारी शेजारी निजल्या. लहानपणी घरात दोघं एकाच गोधडीत निजायचे तशा. एक फुलांवर, एक नुसत्या पानांवर.

"हे पाह्य," ती म्हणाली. "मी बी अथीच हाय, माय. वर्षभर. तुह्या याच उजेडात."

किडे दिव्यावर आपटत होते, त्याचा तेवढा आवाज होता. शकुन एका सावलीकडे पाहत होती, मग दुसरीकडे. पुन्हा पहिलीकडे. शेवटी तिनं हात लांब करून त्या दुसऱ्या सावलीतलं एक पान धरलं, शेंडा खुडला आणि नखानं उकलला. पानाच्या आत पान. ती ते पाहत राहिली.

मग उठली. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत उठली आणि बुजगावण्यापाशी आली. शर्टाची वरची गुंडी काढली. मग खालची. शाळेतून आलेल्या पोराचे कपडे काढावे तशी, घाई न करता, एक एक करून. बाही काढताना तिनं त्या काठीचा हात जरा वर उचलून धरला, दुखू नये म्हणून.

"शिडी आना," ती नवऱ्याला म्हणाली.

शालिकरामनं मोटारीच्या खोलीतून शिडी आणली. आचल चढली. शकुननं शर्ट तिच्या हातात दिला आणि सोडला नाही, क्षणभर दोघींच्या हातात तो ताणलेला राहिला. मग सुटला. आचलनं तो दिव्यावर टाकला आणि बाह्यांची गाठ मारली. चौकड्यांतून निळा उजेड झिरपला आणि सारं वावर पाण्याखाली गेल्यासारखं निळं झालं. त्या निळ्यात तिघांना वाटलं की निजलेला माणूस कूस बदलतो आहे. कुणीच कुणाला तसं म्हटलं नाही. मग शालिकरामनं खालून गोणपाट दिलं, ते तिनं शर्टावरून गुंडाळलं आणि अंधार पडला.

वर्षभराचा तुंबलेला अंधार होता तो. हात हाताला दिसेना. पाल्यात कुठंतरी रातकिडा बोलला, आणि मग सगळीकडूनच बोलू लागले. आचल चाचपडत उतरली, तर शेवटच्या पायरीखाली कुणीतरी तिचं मनगट गच्च पकडलं. तिची किंकाळीच निघायची. पण बोटं ओळखीची होती, खरबरीत, तणाच्या वासाची.

"पाय पाहून टाक," शकुन म्हणाली. "जमीन वाजवत चाल. माह्या मांगं मांगं."

वावरातून बाहेर पडेपर्यंत तिनं ते मनगट सोडलं नाही. धुऱ्यावर गफ्फारचाचा अजून थांबलेले होते. अचानक उजेड गेला म्हणून घाबरून हाका मारत होते.

दुसऱ्या दिवशी नांगर निघाला नाही. शालिकरामनं दिवा खांबावरून उतरवून खोलीत ठेवला. आचल अमरावतीला परतली. जाताना आई ओट्यावर बसलेली होती, काही बोलली नाही. आचलनंही काही मागितलं नाही. दिवाळी कोरडी गेली.

मार्गशीर्षातले गुरुवार सरत आले होते, तेव्हा एका दुपारी ती नकाशा उघडून बसली होती. ती निळी चीर तिनं परत आणली होती. मॅडम म्हणाल्या, चूक कशावरून नाही? ती म्हणाली, मध्ये काहीतरी उभं आहे मॅडम, मला शोधू द्या. तेवढ्यात बापाचा फोन आला.

"फुललं," शालिकराम म्हणाला. "सारं वावर फुललं, पोरी. सगळ्यायचं तोडून झालं अन् आपलं आता फुललं. गफ्फारभाई आत आला आज, सेहऱ्यासाठी घेऊन गेला. ओळीओळीतून फिरला."

"अन् ते? मधातलं?"

"ते आधी फुललेलं ना. ते सुकलं. साऱ्या पिवळ्यात तेवढाच तपकिरी दिसते. तसाच. हात पसरून."

आचलनं डोळे मिटले.

"मायनं पाह्यलं?"

"गेलती सकाळी. मी लांबूनच पाहून राह्यलो. उभी राह्यली, वाकून हात लावला, अन् आली परत. मी म्हनलं आता रडन, तं रडली नाही. चुलीपाशी बसली. म्हने, आचलले फोन लावा. जेवली काय, इचारा."

टेबलावर तिचा डबा सकाळपासून तसाच बंद होता. आचलनं तो जवळ ओढला, पण उघडला नाही.

"नाही म्हना," ती म्हणाली. "बाबा, नाही जेवली म्हना तिले."